नदीपलीकडची

पाऊस चुकवायला सौसन एका कारखान्याच्या दारात शिरली, तर आत एक तरुण हातातल्या उंटाला नावं ऐकवत होता. जैतुनाच्या लाकडाचा, चिमुकला उंट. "अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, याकोबाला—"

"पोरं काय झाडाला लागली होती?" सौसनला राहवलं नाही. "एकाही आईचं नाव नाही ते!"

तो दचकला, मग हसला. भुशानं त्याच्या पापण्या पिवळ्या झाल्या होत्या... सौसनला उगीचच आपले ओले केस सारखे करावेसे वाटले.

त्याचं नाव बिशारा. नाताळच्या आधीच्या रविवारी इथल्या, बेथलेहेमशेजारच्या बैत साहूरच्या चर्चमध्ये मत्तयचं शुभवर्तमान वाचायची पाळी त्याची होती, आणि मत्तय बाळाआधी त्याचे सगळे वाडवडील रांगेनं उभे करतो.

"आयाही आहेत," तो म्हणाला. "जरा थांबाल तर पोचेन. रूथ आहे. मवाबची."

"मवाब म्हणजे आमच्या करककडचे डोंगर!"

"मग तुम्ही तिच्या माहेरच्या!"

सौसन नदीपलीकडून, करकहून, मावसबहिणीच्या लग्नाला आली होती. सोमवारी परत जायचं होतं. तोवर रोज पाऊस आला; आणि ज्या दिवशी नाही आला, त्या दिवशीही ती कारखान्यात आली.

"नाताळच्या देखाव्यांसाठी एवढे उंट विकतोस, पण मत्तयच्या गोष्टीत उंट आहेत कुठे?" ती चिडवायची.

"नाहीतच. ते संदेष्ट्याच्या पुस्तकातून चालत आलेत. मत्तयसुद्धा तेच करतो गं. बेथलेहेम जुन्या शास्त्रातून, लेकरांसाठी रडणारी राहेल तिथूनच. बाळ नवं, पण दुपटं आजीच्या जुन्या झग्यांचं."

"आणि रूथ?"

"ती विधवा झाली, तेव्हा सासू म्हणाली, माहेरी जा. नाही गेली. सासूबरोबर इथं आली, आमच्याच शेतांत कापणीमागं सांडलेला सरवा वेचला... आणि शेताच्या मालकाला, बवाजला आवडली. त्यांच्या पोराचा नातू दावीद राजा." तो रंधा खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "थांब ना, सौसन."

तिला थांबायचंच होतं. पण त्याच्या आईचं बोलणं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "पोरगी गुणाची आहे रे. पण थोरल्या इलियासला त्या चिली देशानं नेलं, तुला ही नदीपलीकडे नेईल. मग मी दिवा कुणासाठी लावू?" त्या बाईचा सौसनला रागही येईना. थोरला परदेशी गेल्यापासून घरात दोघंच, तरी ती जेवायला अजून तीन ताटं मांडायची.

रविवारी बिशारा वाचायला उभा राहिला. नावांमागून नावं... म्हाताऱ्या पेंगू लागल्या. "बवाजाला रूथपासून ओबेद झाला," त्यानं वाचलं, आणि थांबला. मान वर करून बायकांच्या बाजूला पाहिलं. "बवाजाला... रूथपासून..."

"झाला रे बाबा एकदा ओबेद! पुढे चल!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं चर्च हसलं. सौसनचे कान लाल झाले. त्याची आई मात्र हसली नाही.

बाहेर रिमझिम होती. बिशारा धावत आला. "सौसन, आता तरी बोल. काहीतरी..."

ती त्याला ओलांडून पुढे गेली. त्याच्या आईसमोर उभी राहिली.

"मावशी, मी त्याला कुठं नेणार नाही. मीच येते. तुम्ही राहाल तिथं मी राहीन. तुमची माणसं ती माझी माणसं."

"अगं—" बिशारा कळवळला. "हे मला म्हणायचं ना!"

"वाचतोस ते नीट वाचत जा," सौसन मागे न बघता म्हणाली. "रूथ हे सासूला म्हणाली होती."

म्हातारीनं डोळे पुसले, आणि छत्री उघडली.

"ये आत. सर्दी होईल. घरी मसूरभात निवतोय."

दोघी एका छत्रीतून निघाल्या. तिचा खरखरीत हात सौसनच्या दंडाभोवती घट्ट होता.

"आई, आणि मी?"

"तू ये भिजत. तुला एकेक ओळ दोनदा वाचायला वेळ आहे ना!"