पाचशे वीस

चार कपॅसिटर आणायला मे महिन्याच्या उन्हात दिल्लीचं लाजपतराय मार्केट गाठणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर निवृत्त. श्रीरंगराव निवृत्त होते. छत्तीस वर्षं सरकारी फायली हलवून आता ते लक्ष्मीबाई नगरात, मुलीच्या क्वार्टरमध्ये राहत होते.

त्यांची पत्नी प्रमोदिनी हिला दोन वर्षांपासून काही आठवेनासं झालं होतं. दुपारी तिला निजवावं, आणि तासाभराने पाहावं तर खाट रिकामी. मागच्या आठवड्यात ती सरोजिनी नगरच्या बाजारात, कुर्त्यांच्या ढिगापाशी अनवाणी उभी सापडली. मुलगी केतकी हिने दुसऱ्याच दिवशी गुरुग्रामच्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला.

"बाबा, मी ऑफिसात, आणि दुपारी तुमचा डोळा लागतो. आई आणखी एकदा बाहेर गेली ना, तर बस. मी सही करणार."

"सोमवारपर्यंत थांब."

"सोमवारी काय होणारे?"

"खाट ओरडायला लागेल."

केतकीने वडिलांकडे पाहिलं. दोन फॉर्म आणायला हवे होते, असं तिला वाटलं असावं.

खाट ओरडण्याची व्यवस्था साधी होती. गादीखाली दाब मोजणारी पट्टी, तिची तार काडेपेटीएवढ्या बोर्डाला, आणि बोर्ड त्या दाबाचा आकडा करून बैठकीतल्या छोट्या पडद्यावर दाखवणार. रिकामी खाट म्हणजे शून्य, प्रमोदिनी निजली की पाचशे वीस. आकडा दोनशेच्या खाली गेला की भोंगा. कागदावर सगळं ठीक होतं; श्रीरंगरावांचं सारं आयुष्य कागदावर ठीकच गेलं होतं. प्रत्यक्षात ती शांत निजलेली असतानाही आकडा शंभर ते नऊशेच्या मध्ये माकडासारखा उड्या मारायचा आणि भोंगा उगाच बोंबलायचा. उगाच बोंबलणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, हे ते युनियनमध्ये शिकले होते.

"अंकल जी, कपॅसिटर लगा लो," दुकानदार म्हणाला होता. "और जो पिन खाली है, उसे ग्राउंड कर देना. खुली जगह छोड़ोगे, तो कुछ भी आ के बैठ जाएगा."

श्रीरंगराव चिकाटीने कामाला लागले. विजेचे हेलकावे शोषणारे कपॅसिटर लावले. रिकाम्या पिना ग्राउंडला जोडल्या. कूलरच्या वायरीला चिकटून जाणारी तार दूर नेली. चार्जर काढून बोर्ड बॅटरीवर घेतला. मग चौसष्ट आकडे घ्यायचे, सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत लहान फेकून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी काढायची. साहेब आणि शिपाई वगळले की ऑफिसातही एकमत व्हायचं.

शुक्रवारी आकडा हलायचा थांबला. पाचशे वीस. पाचशे वीस. पाचशे वीस.

त्याच दुपारी सव्वातीनला बाहेरच्या दाराची कडी वाजली. श्रीरंगराव धावले. प्रमोदिनी उंबऱ्यात, अनवाणी. भोंगा गप्प. पडद्यावर तीनशे.

त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, गादी उचलली, पट्टी पुसली. आकडा तीनशेच. अकरा मिनिटांनी तो आपणहून शून्यावर आला. शनिवारी नवी पट्टी, नवा बोर्ड. सव्वातीनला प्रमोदिनी उठली, आणि रिकाम्या खाटेवर पुन्हा तीनशे. आता आकड्यांचा गोंगाट नव्हता, म्हणून नीट वाचता येत होतं, एवढंच.

खोलीत पडदे ओढलेले. कूलरच्या ओल्या गवताचा वास, आणि त्याखाली आणखी कसला तरी, बंद ट्रंकेत ठेवलेल्या कपड्यांसारखा.

"अगं, तू रोज उठतेस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"ती येते ना..." प्रमोदिनी म्हणाली. "तिला बसायला जागा नको? मग मी आपली बाहेर जाते."

"कोण येते?"

"हळू बोला... ऐकतेय."

श्रीरंगरावांच्या मानेवर काटा आला. पण समोर फॉर्म होता, आणि फॉर्मपुढे भूत म्हणजे किरकोळ बाब. त्यांनी भोंग्याची मर्यादा दोनशेवरून चारशेवर नेली. कोणीही येऊन बसो. प्रमोदिनी उठली की भोंगा वाजणार.

सोमवारी सकाळी केतकीसमोर परीक्षा झाली. आई उठली, भोंगा कोकलला. दहादा उठवली, दहादा कोकलला.

"मान गए, बाबा!" केतकीने फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

ती ऑफिसला गेल्यावर श्रीरंगराव बायकोला म्हणाले, "आजपासून दुपारी उठायचं नाही. कोणी आलं तरी."

"मग ती कुठे बसेल?"

"ते तिचं ती बघेल. तू जागा सोडायची नाहीस."

प्रमोदिनीने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

दुपारी ते बैठकीत पडद्यासमोर बसले. बाहेर उन्हाची झळ, लू, वाहत होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं. सव्वातीन. पाचशे वीस.

मग आठशे वीस.

आतून खाट करकरली. भोंगा वाजला नाही. चारशेच्या खाली काही गेलंच नव्हतं. श्रीरंगराव खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. ती उठली नाही, एवढंच त्यांना हवं होतं. एक मिनिट. पाच. अकरा.

आकडा उतरला आणि पाचशे वीसवर थांबला.

त्यांनी श्वास सोडला. आलेली गेली, आपली राहिली. जिंकलो.

"अहो," पाठीमागून प्रमोदिनीचा आवाज आला. "चहा टाकू का? साखर अर्धा चमचाच ना?"

दोन वर्षांत तिला साखर आठवली नव्हती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात फार हलका होता. ट्रंकेतल्या कपड्यांचा वास आला.

श्रीरंगरावांनी मागे वळून पाहिलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. खाट रिकामी नव्हती. पाचशे वीस. आकडा जरासुद्धा हलत नव्हता.