मागच्या सीटचा पट्टा

इंद्रनीलला तुम्ही पाहिलंय. चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, उगाच काहीबाही सांगणारा माणूस नव्हे. गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, हिवाळ्यासाठी इकडे घड्याळं तासभर मागे नेतात ती रात्र. चौदा वर्षांच्या भाचीला, स्वरालीला घेऊन तो शहराबाहेर, स्वोर्ड्स गावाच्या पुढे एका शेतात गेला होता. गाडीत बसून सिनेमा बघायचा आणि तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, डून लेरीला ताईकडे परत सोडायचं, एवढंच काम.

सिनेमा जुना, काळा-पांढरा, पोरासोरांना हसवणारा. चार कॉलेजकुमार झपाटलेल्या घरात शिरतात, आणि भूत म्हणजे चादर पांघरलेलं एक बुटकं ध्यान. आवाज गाडीच्या रेडिओवर. शेवटी पोरं निघतात, तर भूत रस्त्यात आडवं येऊन विचारतं, "मला नेता का?"

सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. इंद्रनीललाही चेव आला. खाली उतरून त्याने मागचं दार उघडलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "या, बसा!"

स्वराली खो-खो हसली. "मामा, यू आर गॅस!" म्हणजे इकडच्या पोरांच्या भाषेत, भलताच गमत्या आहेस.

दार लावून ते निघाले.

मोटरवेला लागले आणि टिंग-टिंग सुरू झालं. समोर लाल खूण. मागे मधे बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

"बॅग ठेवलीस का गं मागे?"

स्वरालीने वळून पाहिलं. "नथिंग देअर, मामा."

"मग सेन्सर बिघडला असेल."

टिंग-टिंग.

स्वराली अजून सिनेमाच्याच नादात होती. दटावून म्हणाली, "बेल्ट ऑन, यू!"

खट्.

टिंग-टिंग थांबलं.

गाडी थांबवावी... पण थांबून काय करायचं? मागे बघायचं? इंद्रनीलने आरसा हातानेच वर ढकलला. स्वरालीने त्याची बाही घट्ट धरली.

"मामा..." आता ती मराठीत बोलत होती. "कुणीतरी हसतंय."

"बोलू नकोस."

"हळू... हसतंय..."

त्यालाही ऐकू येत होतं. तोंडावर चादर दाबून हसावं, तसं.

डून लेरी येईपर्यंत ते थांबलं नाही. ताईच्या दारात त्याने गाडी कशीबशी उभी केली आणि पोरीला ओढतच घरात नेलं. रात्रभर कुणी दिवे मालवले नाहीत.

उजाडलं. लोक कुत्री घेऊन फिरायला निघाले, तेव्हा कुठे तो बाहेर आला. काचेतून आत पाहिलं.

मधला पट्टा लावलेला होता. पण सीटला टेकलेला नव्हता. हवेत तसाच ताणलेला... आत एक लहानसं पोट मावेल, एवढी जागा सोडून.