बंब अंगणात का?

ते साल होतं १९६८. त्या सुट्टीत टिटवी आणि तिचा धाकटा भाऊ शेपूट मामांकडे आले होते. मामा अग्निशमन केंद्राचे प्रमुख. राहायलाही वरच्याच मजल्यावर. मामेभाऊ भोपळ्या धरून तिघांचं त्रिकूट दिवसभर बंबाभोवती!

त्या दिवशी देशभर भूकंपाची कवायत होती. दहाला भोंगा वाजला, की गावोगावचे बंब, रुग्णवाहिका, डॉक्टर, टेलिफोनवाल्या बायका खरा भूकंप झाल्यासारखे कामाला लागणार! समोरच्या इस्पितळात परिचारिका स्ट्रेचर मांडत होत्या. केंद्रातले जवान तर डोळे मिटून दोराच्या गाठी मारत. बघूनच टिटवीचा ऊर भरून आला.

एकच गोष्ट तिला खटकली.

"मामा, बंब आत्ताच अंगणात का?"

"दहाला झटकन निघायला! तीन वर्षं पहिला नंबर आहे आपला."

"पण भूकंप काय पत्र पाठवून येतो?"

"फार चुरूचुरू बोलतेस! पळ!"

तिघं बंबाच्या खोलीत शिरले. शटर विजेवर चालणारं. "वीज गेली तर?" टिटवीने विचारलं.

"हाताने ओढायची साखळी आहे की!" भोपळ्या म्हणाला.

साखळी होती, पण बक्षिसांच्या लोखंडी कपाटामागे! शेपटाने हात घातला, तो कोपरापर्यंत अडकला.

"म्हणजे खऱ्या भूकंपात बंब आतच कोंडणार!"

मामांना सांगितलं, तर म्हणाले, "बघू पुढच्या आठवड्यात."

मग टिटवीने ड्रायव्हरकाकांना गाठलं. "काका, उन्हात पितळ तापलंय. बंब सावलीत घ्या, आम्ही चकाचक करतो!" काका भुलले. बंब आत आला आणि भोपळ्याने गुपचूप शटर पाडलं.

दहाचा भोंगा झाला. टिटवीने मेन स्विच ओढला!

"शटर उघडा!"

"वीज नाही, साहेब!"

"साखळी ओढा!"

"कपाटामागे आहे, साहेब!"

सहा जवानांनी कपाट हलवेपर्यंत नऊ मिनिटं गेली. राजधानीहून आलेल्या तपासनीसबाई घड्याळ धरून उभ्या. मामांचा चेहरा पाहून टिटवी पुढे झाली. भर कवायतीत मामांचं नाक कापलं आपण!

"स्विच मी ओढला. खऱ्या भूकंपात बंब आतच असणार ना? मामांना बोलू नका," ती कशीबशी म्हणाली.

बाईंनी घड्याळ खाली केलं. "ऐंशी केंद्रं पाहिली मी. सगळीकडे बंब अंगणातच! मला मेलीला कधी शंका आली नाही. शाब्बास, पोरी!"

मामांनी कपाळावर हात मारला. "चुकलो गं बाई! आज लाज गेली. उद्या माणसं गेली असती."

पुढच्या वर्षापासून देशभर कवायती न सांगता होऊ लागल्या, त्याही वीज तोडून.

भोपळ्या वाळून काटकुळा झाला आणि डॉक्टर झाला. शेपूट टेलिफोन खात्यात लागला. टिटवी तपासनीस झाली. कधी कुठे टपकेल, नेम नसे!

अकरा वर्षांनी खरा भूकंप आला. पहिल्याच धक्क्याला वीज गेली, तरी बंब मिनिटाच्या आत रस्त्यावर होता. संध्याकाळपर्यंत जवानांनी ढिगाऱ्यातून सतरा माणसं जिवंत काढली. पाचवे होते निवृत्त मामा! पाय मोडलेला, अंग धुळीने पांढरं, पण स्ट्रेचरवरूनच ओरडले, "माझं राहू द्या रे! भिंतीपलीकडे शेजारच्या आजी आहेत, आवाज ऐकलाय मी!"

आजी तिथेच सापडल्या. जिवंत, आणि उशीर केला म्हणून जवानांवर चिडलेल्या!