मागून आलेली हाक

ऐका आता, मध्ये बोलू नका. गोष्ट माझ्या सख्ख्या साडूची आहे. तो जंगलात गार्ड होता. रचून सांगायची अक्कल त्याला नव्हती.

त्याच्या हद्दीतली वाघीण मेली. साळिंदराचे काटे पंज्यात रुतले, सडले. साडूनेच तिची चिता रचली आणि नख न् नख जळेपर्यंत उभा राहिला. मागे दोन पिल्लं उरली, दहा महिन्यांची. त्या वयात वाघाला पळता येतं, मारता येत नाही. साहेबांनी सांगून टाकलं, सकाळपर्यंत पिल्लांनी खाल्लं नाही तर पिंजरा लावायचा. आणि पिंजऱ्यात गेलेला वाघ जंगलाला मेला. साडूचा जीव त्या पिल्लांत अडकला होता.

म्हणून मंगळवारी, अमावास्येच्या आदल्या रात्री, तो मारलेला बोकड घेऊन निघाला. इंजिनाला पिल्लं बुजतात, म्हणून जीप आणि ड्रायव्हर लांब रस्त्यावरच ठेवले. बोकड घळीच्या तोंडाशी टाकला. पिल्लं आत होती, पण बाहेर येईनात. आई जिथे लपवून जाते, तिथून तिने बोलावल्याशिवाय ती हलत नाहीत. उपाशी मेली तरी.

वाघिणीची ती हाक साडूला हुबेहूब यायची. घशातल्या घशात, हळू. ड्रायव्हर चिडवायचा, "दादा, एवढ्या मायेनं वहिनींना कधी हाक मारलीत का?"

त्याने हाक दिली. घळ गप्प.

पुन्हा दिली. गप्प.

तिसरी द्यायला तोंड उघडलं...

हाक आली. त्याच्या पाठीमागून.

पिल्लं बाहेर पडली. बोकडाकडे बघितलंही नाही. साडूच्या दोन्ही बाजूंनी पळत मागे गेली. नाकातून फुरफुर... आई भेटली की करतात तशी. टॉर्च हातात होता. त्याने लावला नाही. मान वळवली नाही.

मग पाठीला ऊब लागली...

बराच वेळ.

ड्रायव्हर शोधत आला तेव्हा साडू तिथेच उभा होता.

सकाळी साहेब पिंजरा घेऊन आले. बोकड तसाच. वरच्या अंगाला एक मोठं सांबर पडलेलं. गळ्यावर सुळ्यांची भोकं, पुऱ्या वाढलेल्या वाघाची. कोथळा ओढून बाजूला टाकलेला. पिल्लं पोटं टम्म करून झोपलेली. धुळीत ठसे फक्त पिल्लांचे आणि साडूच्या बुटांचे. साहेब म्हणाले, दुसरी वाघीण आली असेल. परक्याच्या पोरांना घास भरवायला? पण पिंजरा रिकामाच परत गेला.

वाघीण आपल्या झाडांवर शेपटी उचलून फवारा मारते. हे माझं, असं बाकीच्यांना कळावं म्हणून. नुकत्या शिजलेल्या तांदळासारखा वास येतो त्याला. साडूच्या सदऱ्याची पाठ त्या वासाने भिजली होती. मेहुणीने सदरा सोड्यात उकळला, दगडावर आपटला, उन्हात घातला.

साडू जाऊन वर्षं झाली. सदरा तिने माझ्याकडे आणून दिला. आतल्या खोलीत खुंटीला आहे.

पाठ अजून वाळलेली नाही.