लोबानाने फोडलेलं बिंग

"शी! आजोबा, हे गुलाब आहेत की जळकं टायर?" छोट्या गैथने नाक दाबलं.

पहाटे खुडलेले गुलाब अंगणात चादरीवर पसरले होते आणि आजही त्यांना तोच घाणेरडा वास येत होता. असली फुलं भट्टीवर चढवली तर गुलाबपाण्याचं वाटोळंच!

"खल्फानचंच काम!" आजोबा गुरकावले. "खाली दरीत गॅरेज टाकून बसलाय ना! बंदच करायला लावतो!"

गैथची ताई शम्सा फुलं पसरता पसरता थांबली. खल्फानकाकांचा मुंधिर तिच्याच वर्गात होता. गॅरेज बंद झालं तर त्यांना गाव सोडून निझवा शहरात जावं लागणार. ईदची सुट्टी संपल्यावर मुंधिर शाळेत दिसणारच नाही!

दुपारच्या नमाजानंतर बैठक भरली. शम्सा आणि गैथ कॉफी देत होते. डोंगरमाथ्यावरच्या नव्या विश्रामगृहाचे व्यवस्थापक साबितसाहेब तावातावाने बोलत होते.

"बघा, वारा कसा दरीतून वर चढतोय! धूर गॅरेजचाच. शिवाय त्या ठोकाठोकीने माझे पाहुणेही वैतागतात."

वारा खरंच वर चढत होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"परवा पहाटे मी स्वतः वास घेईन. मग ठरवू," गावचे प्रमुख शेख सुलैम म्हणाले.

"साबितसाहेबांना आपल्या गुलाबांचा एवढा पुळका कधीपासून?" शम्सा बाहेर येऊन पुटपुटली.

"बाबा कधीच टायर जाळत नाहीत!" दाराबाहेर थांबलेला मुंधिर रडकुंडीला आला होता. "पण वारा वर जातो, हे तर सगळ्यांनीच पाहिलं."

"कधी पाहिलं? दुपारी! आणि गुलाबांना वास कधी लागतो?"

"पहाटे!" गैथ ओरडला.

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागताच तिघं अंगणात जमले. शम्साने धूपदाणीत लोबान टाकला. धूर जरासा वर उठला, वळला आणि उतारावरून सरळ दरीकडे निघाला!

"उलटा वारा!" मुंधिरचे डोळे विस्फारले.

"रात्री डोंगर गार पडतो. त्याला टेकलेली हवाही गार आणि जड होते, मग ती खाली उतरते," शम्सा म्हणाली. "ऊन तापलं की हवा हलकी होऊन वर चढते."

"म्हणजे वारा दिवसा डोंगर चढतो आणि रात्री घसरगुंडी खेळतो!"

"अगदी बरोबर, गैथ! मग हा वास येतो कुठून?"

तिघांनी वर पाहिलं आणि वासाचा माग काढत चढायला सुरुवात केली. विश्रामगृहाच्या मागे एक खड्डा धुमसत होता. आत फोमच्या गाद्या आणि वायरींची भेंडोळी! पाहुण्यांना धूर दिसू नये म्हणून उजाडायच्या आतच कचरा पेटवला जात होता.

"आत्ताच जाऊन सांगतो!" मुंधिर उसळला.

"आणि त्यांनी 'आजच पेटवला' म्हटलं तर? त्यापेक्षा ऐक..." शम्सा त्याच्या कानात कुजबुजली.

तिसऱ्या पहाटे शेख आले. साबितसाहेबही आले.

"घ्या वास!" साबितसाहेब म्हणाले. "आला की नाही गॅरेजचा धूर?"

शेखांनी ओंजळभर फुलं नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आजोबांनी रागाने दरीकडे पाहिलं. शम्साने हळूच वर कड्याकडे नजर टाकली. मुंधिर वेळेवर पोहोचला असेल ना?

इतक्यात शेख थबकले. "अरे! लोबान कोणी जाळला?"

"इथे कोणीच नाही," शम्सा धिटाईने म्हणाली. "मुंधिरने जाळलाय. साबितसाहेबांच्या कचऱ्याच्या खड्ड्यात!"

सगळ्यांनी माना वर केल्या. कड्यावर मुंधिर डोक्याचा रुमाल जोरजोरात हलवत होता!

साबितसाहेबांचा चेहरा पडला. "त्या... जुन्या गाद्या होत्या..."

"त्या आता निझवाला जातील, तुमच्या खर्चाने," शेख कडाडले. "आणि गॅरेज जागच्या जागी राहील! शाबास, पोरांनो! आम्ही दुपारच्या वाऱ्यावरून पहाटेचा निकाल लावायला निघालो होतो."

आजोबा खाली मान घालून बसले होते. "जन्म या डोंगरात गेला माझा," ते हळूच म्हणाले. "रागाच्या भरात वाराही विसरलो."

पुढच्या पहाटेचे गुलाब स्वच्छ निघाले. गुलाबपाण्याची पहिली बाटली आजोबांनी कोणालाच दिली नाही. ती हातात घेऊन ते दरीच्या वाटेवर थांबले आणि त्यांनी हाक मारली.

"मुंधिर, बाळा, तू पुढे चल. तुझ्या बाबांसमोर एकट्याने जायची मला लाज वाटते."