आंधळ्या डब्यातला दिवा

"आधी अंधार बघायचा, आरती. अंधार निखळ आला, मगच चांदण्या सोडायच्या."

सुदर्शनचं हे वाक्य आरतीच्या कानात अजून तसंच आहे.

सांगतेय ते खरं आहे. मार्गशीर्षातला गुरुवार, समोर घट मांडलेला. इथं बसून खोटं लिहायची माझी छाती नाही. आरती माझ्या धाकट्या जावेची मुलगी. नोकरीसाठी आमच्याकडे वारूळवाडीला राहते. गेल्या मार्गशीर्षात तिच्यासोबत जे घडलं, ते तिला विचारूनच लिहितेय.

नारायणगावच्या बाहेर, द्राक्षबागेला लागून तिच्या नोकरीचं वर्कशॉप आहे. अवकाशात जायच्या दुर्बिणीचा खरा कॅमेरा फार नाजूक. बाकीची यंत्रं तपासताना तो जोडायचा नाही, बिघडला तर संपलंच. म्हणून त्याचं सोंग घेणारा एक डबा बनवतात. कॅमेरा जशी चित्रं पाठवेल, हुबेहूब तशीच हा डबा पाठवतो. पुढच्या यंत्राला वाटतं, खरा कॅमेराच बोलतोय.

पण डब्याला भिंग नाही. डोळा नाही.

त्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

हा डबा तिच्याच वर्कशॉपातल्या सुदर्शननं बनवला होता. घोडेगावच्या पुढं डोंगरात त्याचं गाव. घरी एकटी आई, ठमाबाई. भादव्यातली, भात पोटरीत होतं तेव्हाची गोष्ट. डबा पुरा झाला, हे आईला तोंडानं सांगायचं म्हणून तो मोटारसायकलवर निघाला. घाटातल्या वळणावरून गाडी खाली गेली.

तो घरी पोचलाच नाही.

डबा तपासायचं काम आरतीवर आलं. मदतीला मोहित. दुर्बिणीची माणसं गुरुवारी चाचणीला येणार होती. डबा नापास झाला तर ते दुसरीकडून नवा करून घेणार, आणि सुदर्शनची सगळी वर्षं अडगळीत जाणार.

त्या आठवड्यात, रविवारी, दिवेलागणीच्या वेळी आरतीनं अंधार लावला. म्हणजे डब्यानं आधी नुसतं काळं चित्र पाठवायचं, चांदण्यांची चित्रं नंतर. पडदा काळाभोर झाला.

आणि मग...

खालच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटला.

बारीक. फिकट. वाऱ्यावर ज्योत हलावी तसा हलणारा.

"ताई, तुमच्या काकूंनी डब्यातपण समई लावली वाटतं," मोहित म्हणाला.

दोघं हसली. वायर बदलली, वीजपुरवठा बदलला. दुसऱ्या दिवशी दिवसभर अंधार निखळ. संध्याकाळ झाली...

ठिपका परत आला. मोठा होऊन.

मंगळवारी त्या उजेडाच्या भोवती भिंत दिसली. भिंतीत देवळी, देवळीत पणती. खाली उंबरठा. सगळं चित्र हलत होतं, खालीवर... खालीवर...

खोलीतला पंखा बंद झाल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मोहित आता हसत नव्हता. "ताई, हे कुणीतरी चालत जाताना बघतंय."

बुधवारी मात्र काहीच आलं नाही. संध्याकाळ उलटून गेली, अंधार स्वच्छ. मोहितनं सुटकेचा निःश्वास टाकला.

आरतीला चैन पडेना. ती देवळी तिनं पाहिलेली होती. सुदर्शनच्या तेराव्याला त्याच्या घरी गेली होती, तेव्हा.

गुरुवारी सकाळी तिनं ठमाबाईंना फोन लावला. शेजारच्या गोजरबाईंनी उचलला. म्हणाल्या, म्हातारी कालपासून तापानं पडलीय, काल घरात दिवासुद्धा लागला नाही.

मग ठमाबाईंचा आवाज आला. अगदी हळू.

"रोज लावते गं पोरी. त्यो दिवा बघत बघत येतोय. आंगणात आलाय आता... पावलं वाजत्यात. काल दिवा न्हवता, तर रातभर घराभवती फिरत व्हता."

आरतीनं वळून काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"आज मला उठवत न्हाई. गोजरबाई भितीय. तू येशील का लावायला?"

"येते," आरती म्हणाली. शब्द तोंडून निघून गेला.

मोहितनं ऐकलं, तसा तो तिच्यासमोर उभा राहिला. आजची चाचणी संध्याकाळपर्यंत चालणार होती. दिवा लागला की पडद्यावर ठिपका येणार, पाहुणे बघणार. नाही लागला तर डबा पास.

"डबा सुदर्शनदादाचाच आहे ना, ताई?"

"आणि आई कुणाची?"

तो बाजूला झाला. अंधार मी बघतो, म्हणाला.

त्या संध्याकाळी डबा पास झाला. अंधार निखळ आला, असं मोहित सांगतो. सांगताना नजर मात्र वर करत नाही. दिवा तर लागला होता, हे गोजरबाईंनी आपल्या ओसरीवरून पाहिलंय.

दिवा लागला होता... आणि तरीही ठिपका नव्हता. मग बघणारा कुठं गेला?

तिथं काय झालं ते आरतीनं मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. रोजच्या दिव्याच्या वेळी ती उठून दार लावून घेते, एवढंच मला दिसतं.

मला आठवते ती त्या गुरुवारची दुपार. माझी पूजा झाली होती, पोथी वाचायची राहिली होती. ती आली आणि वाती मागितल्या. मी वळलेल्या वाती नि तेलाची बाटली तिच्या पिशवीत ठेवली. कुठं निघालीस, विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. मी तिला थांबवणार होते. पण शब्द दिलेल्या माणसाला कसं थांबवायचं?

चपला घालताना ती मान खाली घालूनच बोलली.

"काकू, देवळीत दिवा लावताना माझी पाठ दाराकडे असेल ना?"



तिनं घटाला हात जोडले, ओढणी डोक्यावरून घेतली आणि घोडेगावच्या एसटीसाठी निघाली.