सीटखालची रिकामी पेटी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला तुमचं सर्टिफिकेट नको.

रात्र वगैरे नव्हती. रविवारची भर दुपार. ताईच्या घरामागचं गॅरेज.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या भाऊजींनी, जुनी मोटार घेतलीय. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण ऐट बघा! भिंतीवर जुनी हत्यारं टांगलीत. त्यात बॅटरीच्या ॲसिडची ताकद बघायची काचेची नळी आहे, मागे रबरी फुगा असलेली. ती पाहुण्यांना दाखवून म्हणतात, "ही तेल घालायची पिचकारी."

उथळ पाण्याला खळखळाट फार!

या गाडीत बॅटरीची जागा पुढच्या सीटखाली. भाऊजींना सीट उचलायचा कंटाळा. म्हणून नवी बॅटरी डिकीत बसवून घेतली. आणि सीटखाली, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मिरवायला, जुन्या बॅटरीची नुसती काळी पेटी ठेवली.

आतून पोकळ. मालकासारखीच.

त्या दुपारी दिवे मंद लागतात म्हणून मला बोलावलं. मी डिकीतली बॅटरी काढून फरशीवर ठेवली. म्हणजे गाडीत वीज शून्य.

ताई गाडी आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभी राहून पुढची जाळी पुसत होती. साहेब खुर्चीत.

"नीट पूस. डाग राहिला बघ."

तेवढ्यात आवाज आला...

बुड... बुड... बुड...

चार्जिंगला लावलेली बॅटरी अशी बुडबुडते. मी रोज ऐकतो.

आवाज सीटखालून येत होता.

मी सीट उचलली. पेटी कोरडी ठणठणीत. एकही वायर नाही. पण नाकाला झोंबणारा ॲसिडचा वास...

भिंतीवरची नळी काढली. पेटीत घातली. फुगा दाबून सोडला.

नळी भरली...

आतली खुणेची कांडी तरंगत पार वर आली. फुल चार्ज!

"काय झालं रे?" ताईनं विचारलं.

आणि स्टार्टर फिरला.

घर्र... घर्र...

भाऊजींनी गाडी गिअरमध्येच ठेवली होती. चाकं हलली. ताईच्या दिशेनं.

मी झेप घेतली, तिचा दंड धरून ओढलं. बंपर भिंतीवर आदळला. तिचे गुडघे होते तिथंच.

भाऊजी धावत आले. कशाला? बंपर बघायला!

"तूच काहीतरी चुकीचं जोडलंस."

मी फरशीवरची बॅटरी दाखवली. त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा!

ताईला मी तसंच माझ्या घरी आणलं.

काल संध्याकाळी त्यांचा फोन. "तिला तयार राहायला सांग, न्यायला येतोय. आणि तुझी अक्कल ठेव तुझ्यापाशी. बॅटरी अजून फरशीवरच पडलीय, तरी गाडी एका झटक्यात चालू झाली!"

हसत होते. यात काही वावगं आहे, हे त्या डोक्यात शिरलंच नाही.

थोड्या वेळानं खाली हॉर्न वाजला. ताईनं माझा हात घट्ट धरला.

मग दारावरची बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर भाऊजी एकटेच उभे होते, तावातावानं बोलत.

खाली हॉर्न वाजतच होता...

मी दार उघडलं नाही. उद्या परत येतो म्हणून गेलेत. ताई रात्रभर झोपली नाही.

मीही नाही.